दुहेरी फडकं

नारूची मला पहिल्यापासून शिसारी. घोट्यावर फोड यायचा, फुटायचा आणि आतून शेवईसारखा पांढरा जंत डोकं काढायचा. तो काडेपेटीच्या काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून पू धरायचा. हे काम माझं. मी आष्ट्याची, भरपूर पाण्यात वाढलेली, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स. लग्न मिशनच्याच प्रचारकाशी झालं आणि लढाईच्या दिवसांत आम्ही पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातल्या, गावकुसाबाहेरच्या एका वस्तीवर येऊन पडलो. काडेपेट्या मिळत नसत, म्हणून जळक्या काड्याही मी जपून ठेवायची. तिथे प्रभूची सेवा म्हणजे सकाळी प्रार्थना आणि मग दुपारपर्यंत लोकांच्या पायांतले किडे. हात तीनदा धुतले तरी भाकरीला तोच वास यायचा.

वस्तीला गावाची विहीर बंद होती. त्यांची स्वतःची एकच, पायऱ्यांची. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागर बुडवायच्या. नारूचा पाय पाण्यात गेला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू निघतो, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. दुखऱ्या पायाने उतरू नका, पाणी फडक्यातून गाळून प्या. लोक माना डोलवायचे आणि विसरायचे. ऐकलं ते एका शेजारच्या म्हातारीने. जुन्या लुगड्याचा तुकडा ती घागरीच्या तोंडाला बांधायची. कुणी नारूवाला पायरीकडे वळला की काठी उगारून ओरडायची, "मागं फिर रं मुडद्या!" दोन वर्षांत माझं एवढं एकच काम झालं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्याच घोट्याला नारू निघाला. प्रचाराच्या फेरीवर कुठेतरी न गाळलेलं पाणी प्यायले असणार. आणि निघाला तोही नेमका बाप्तिस्म्याच्या आठवड्यात. सात माणसं तयार झाली होती, मोठे गोरे साहेब मुद्दाम येणार होते. आमच्या मिशनात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नसे. माणूस पुरता बुडवावा लागे, बुडवणाऱ्यालाही पाण्यात उतरावं लागे, आणि बुडण्याइतकं पाणी त्या विहिरीखेरीज कुठेच नव्हतं.

"अहो, साहेबांनाच उतरायला सांगा ना," मी म्हटलं.

"आणि कारण काय सांगू? पाणी गाळा म्हणून गावभर सांगणाऱ्या बाईच्या नवऱ्यालाच नारू झालाय?" ते चिडून म्हणाले. "घट्ट पट्टी बांध."

मी बांधली. माझ्याच हातांनी.

विहिरीवर म्हातारीने माझं मनगट धरलं. "बाई, मालकांच्या पायाला पट्टी कशाची? नारू हाय का काय?"

"नाही मावशी. काटा लागलाय."

तिने लगेच विश्वास ठेवला. हे कमरेइतक्या पाण्यात उतरले. एकेक माणूस बुडत होता, वर येत होता. वर आम्ही गाणं म्हणत होतो. चौथ्या माणसाच्या वेळी पट्टी सुटून पाण्यावर तरंगली. साहेबांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले होते, माझे उघडे होते.

संध्याकाळी म्हातारी विहिरीवरून परतताना आमच्या ओट्याशी थांबली. घागरीला फडकं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "आवं, आता देवाचं पानी झालं ते. त्याला गाळायचं व्हय?"

ओट्यावर साहेब चहा पीत होते. ह्यांनी त्यांना तिचं बोलणं समजावून दिलं. साहेबांना तिच्या श्रद्धेचं फार कौतुक वाटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर पट्टीखालचं सगळं बाहेर आलं असतं. मी आत गेले आणि आमच्या हंड्यावरचं फडकं दुहेरी केलं. आज हे लिहितानाही स्वतःची किळस येते.

पुढच्या उन्हाळ्यात घराघरांतून नारू निघाले. म्हातारीच्या एका पायाला दोन. ती आमच्या ओट्यावर बसायची, तिचा घाण वास मारणारा पाय माझ्या मांडीवर आणि काडी माझ्या हातात.

"तुमाला लय किळस येत आसंल, बाई," ती ओशाळून म्हणाली.

मी नाही म्हणून मान हलवली.

"आमच्या घरात तिगांस्नी झाला. तुमच्या घरात ह्या साली कुनालाच न्हाई. देवाची किरपा हाय तुमच्यावर."

हो म्हणून टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण त्या दिवशी ते घशाखाली उतरेना.

"कृपा नाही मावशी," मी म्हटलं. "ह्यांना काटा लागला नव्हता. नारूच होता. आणि आम्ही पाणी गाळत होतो."

ती दारातून आत, आमच्या हंड्याकडे बघत राहिली.

"समदं वरीस?"

"हो."

तिने माझ्या मांडीवरून पाय काढून घेतला, नारू तुटू नये म्हणून अगदी जपून. मग काडीला हात घातला.

"सोडा, बाई. माजं मी गुंडाळीन."