भिंतीत गेलेली सासू

मॉनिटरवर मालतीताईंचं फक्त तोंड आणि दोन हात दिसत होते. ताईंचं बाकी सगळं अंग भिंतीत गेलं होतं.

"सुहास, सासू कुठंय रे?" डायरेक्टर नितीन ओरडला.

"समोरच तर उभ्या आहेत."

"तुला दिसतायत. मॉनिटर बघ!"

मी मालिकांचे सेट रंगवतो. अंधेरीच्या स्टुडिओत तेव्हा माझी ओळखच 'भडक सुहास' अशी होती. त्या दिवशीची नवी भिंत मी झकास बाटलीहिरवी रंगवली होती. पुढे मालतीताईंची कुंकवासारखी लाल साडी. डोळ्यांना मेजवानी! पण सीन फ्लॅशबॅकचा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट. त्यात माझा हिरवा आणि त्यांचा लाल, दोन्ही एकाच राखाडीत विरघळले. साडी बदलता येईना, कारण आधीच्या एपिसोडमध्ये ती दिसून गेली होती.

"आज नाही झालं तर सीन उडवतो," नितीन म्हणाला. "सून तोंडानेच सांगेल काय घडलं ते."

मालतीताई मटकन खुर्चीत बसल्या. "अख्खी मालिका मी विष कालवतेय. सासूचा मुलगा घर सोडून गेला, म्हणून ती अशी झाली, हे एकदाच दाखवणार होतात. तेही सूनच सांगणार?"

मला फार वाईट वाटलं. पण माझा स्वभाव असा, की अडलं की रंग वाढवायचा. घाईघाईने गडद निळ्याचा पट्टा मारला. मॉनिटरवर राखाडी. जांभळा मारला. तोही राखाडी. वाट लागली!

कॅमेरामन आसिफने माझा मोबाइल काढून घेतला, कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावला आणि परत हातात दिला. "यातून बघ. रंगाचं नाव विसर. किती उजळ, किती काळोखी, एवढंच."

यालाच आम्ही टोन म्हणतो. मी मोबाइल डोळ्यांपुढे धरून गोडाऊनमधले डबे तपासत हिंडलो. भिंतभर पुरेल एवढा उजळ रंग एकच निघाला, डोहाळजेवणाच्या सेटवरचा उरलेला बेबी पिंक.

लंचनंतर मालतीताई सेटवर आल्या आणि थबकल्या. "मुलगा गेला म्हणून मी इथे रडू? या बारशाच्या हॉलात?"

"ताई, आधी मॉनिटर बघा ना."

त्यांनी बघितलं. फिकट भिंतीपुढे काळीभोर साडी, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती. मग डोळे टिपत म्हणाल्या, "दिसतेय रे मी." पहिल्याच टेकला सीन ओके झाला. आसिफसुद्धा नाक ओढत होता.

संध्याकाळी चॅनलचा निरोप आला. ब्लॅक अँड व्हाइट नको, लोकांना टीव्ही बिघडलाय असं वाटतं. सीन रंगीतच दाखवा.

मी घाम पुसत बसलो. मालिकेतला सर्वांत दुःखी प्रसंग बेबी पिंक भिंतीपुढे!

एपिसोड लागला त्या रात्री बोरीवलीला घरी मी सोफ्याच्या कडेला बसून होतो. सीन संपला तेव्हा बायको पदराने डोळे पुसत होती. मी भीतभीत विचारलं, "भिंत कशी वाटली गं?"

"कसली भिंत?"

तेव्हापासून मी आधी टोन बघतो, मग रंग. टोन जमला की कुठलाही रंग खपून जातो. फक्त आपलं कौतुक कोणी करत नाही.