अकरा महिन्यांच्या बाई

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे खिडकीवाल्या बाई म्हणत. रंगलेला तुकडा हातात आला की त्या तो उत्तरेच्या खिडकीशी नेत, मूळ नमुन्याशेजारी धरत आणि मगच तोंड उघडत. "निळा चढलाय थोडा." आणि तो चढलेलाच असे.

बारा वर्षं हे चाललं होतं, पण कागदावर बाई दरवर्षी नव्या. अकरा महिने भरले की ओळखपत्र जमा करायचं, पंधरा दिवस घरी बसायचं आणि पुन्हा अर्ज भरायचा. त्यातल्या 'पूर्वानुभव' या रकान्यात 'नाही' लिहायचं, असं कारकुनाने पहिल्याच खेपेला बजावलं होतं. सलग नोकरी दिसली की कायम करावं लागतं, हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. पण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी कॉलेजात. भांडून जायचं कुठे?

यंदा मात्र एक कायमची जागा निघाली. वयाची अट पंचेचाळीस, आणि बाईंना पंचेचाळिसावं लागलेलं. ही हुकली की संपलंच. दुसरा उमेदवार दोन वर्षांपूर्वी आलेला, बाईंनीच हाताला धरून शिकवलेला. साहेब त्याची जी बडदास्त ठेवत, ती बघून बायका त्याला जावई म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता.

मुलाखतीत साहेबांनी बाईंना रंगाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"मिस्टर कमावतात ना?"

"हो."

"मग झालं तर. सासूबाई आजारी म्हणता, रजा फार लागत असतील."

बारा वर्षांतल्या सगळ्या रजा बाईंना तोंडपाठ होत्या. त्या सांगायच्या आत पुढच्याला हाक गेली.

त्यातच सक्तीचे पंधरा दिवस आले. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. जावयाने ट्यूबलाइटखाली पास केलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. उन्हात शर्ट एका रंगाचा दिसे आणि कॉलर दुसऱ्याच. "या हो जरा. तुम्ही घरच्याच आहात."

घरच्या बाईंना फाटकावर पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागली. तरी पाय हलके होते. आता तरी यांचे डोळे उघडतील, असं त्यांना वाटत होतं. दिवसभर खिडकीशी उभं राहून त्यांनी रंग जुळवला, मग पाठ चोळत साहेबांपुढे गेल्या.

"साहेब, जागेचं काय झालं?"

"त्याची ऑर्डर कालच निघाली. घर त्याच्यावर आहे हो. तुम्ही नव्या करारावर या, आणि त्याला ते खिडकीचं नीट शिकवा."

बाईंना राग यायला हवा होता. आला तो नुसता शीण.

पंधरवडा संपल्यावर कारकुनाने अर्ज पुढे केला. बाईंनी पूर्वानुभवापुढे 'बारा वर्षं' लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, कागदाची घडी करून टोपलीत टाकली आणि दुसरा कोरा अर्ज ठेवला.

"बाई, बाहेर दहाजणी उभ्या आहेत."

तेवढ्यात जावई दोन तुकडे घेऊन दारात आला. "ताई, हे एकदा खिडकीशी धरून बघता? मला काही फरक कळेना."

"थांब," बाई म्हणाल्या, "आधी एवढं लिहू दे." आणि त्यांनी रकान्यात 'नाही' लिहिलं.