बूड नसलेली खुर्ची

मी एकदा एक खुर्ची जागची हलवली. सांगायला एवढंच आहे. पण त्यावरून माझी सून दीड दिवस माझ्याशी बोलली नव्हती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेली बाई. आली नव्हती.

खुर्ची अक्काची. कारवारच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून, एक जुनं कौलारू गेस्टहाउस होतं. ते ती एकटी चालवायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, काटकुळी, कपाळावर कायमची आठी. मला ती पाहताक्षणी आवडली नाही. तिलाही मी आवडले नाही. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

आम्ही बेंगळूरहून चौघं गेलो होतो: मुलगा प्रसाद, सून केतकी, सात वर्षांची नात सई आणि मी. केतकी मूळची पुण्याची, बेंगळूरला महादेवपुऱ्यात आयटीत नोकरीला. तिला सुट्टी मिळायची मारामार, म्हणून ही तीन दिवसांची ट्रिप मी ठरवली होती. आपली सासू किती मोकळी, किती आधुनिक, हे तिला एकदा नीट दिसावं असा माझा डाव. दारातच अक्काने आमच्या सामानाकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"तीन."

"मग बाकीच्या बॅगा कोणाच्या?"

सुरुवात ही अशी. तिथे चहा चारला मिळायचा. पाचला मागितला तर अक्का बाहेर बोट दाखवायची. "आता समुद्र आहे. तो प्या." मच्छरदाणीला भोकं आहेत अशी मी तक्रार केली, तर म्हणाली, "डास जुने आहेत, त्यांना भोकं ठाऊक. तुम्ही नवीन. तुम्ही स्वल्प सरकून झोपा." वाळूतून आलं की विहिरीपाशी पाय धुवायचे आणि मग तिला टाचा दाखवायच्या. होय, दाखवायच्या! चामराजपेटेतल्या महिला मंडळाची मी अध्यक्ष, माझ्या एका नजरेने बायका चपला ओळीत लावत. आणि ही बाई माझी टाच वर करायला लावून म्हणते, "ह्यात अर्धा किनारा आहे. परत धुवा."

ती रोज पहाटे बांबू घेऊन वाळूत उतरायची आणि कडेच्या पाण्यात इथे-तिथे खुपसत हिंडायची. मी खिडकीतून बघून केतकीला म्हटलं, "खेकडे शोधत असेल. आपल्यालाच वाढेल बघ रात्री." मग ती एक वेताची खुर्ची ओढत न्यायची आणि वाळूत कुठेतरी रोवून ठेवायची. खुर्चीला बूड नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने आम्हा चौघांना उभं करून सांगितलं होतं, "खुर्चीसमोर पाण्यात उतरायचं नाही. सरी?" सई मान हलवून "सरी" म्हणाली. मी मनात म्हटलं, वा! समुद्रावरही हिची मालकी.

माझा एक रोग आहे. वस्तू भलत्या जागी दिसली की हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी चारचा चहा झाल्यावर आम्ही खाली उतरलो. खुर्ची भर उन्हात उभी, आणि चाळीस-पन्नास पावलांवर सुरूच्या झाडाची छान सावली. मी खुर्ची सावलीत नेली, बुडाच्या जागी जेवणाचं स्टीलचं ताट ठेवलं आणि वर राणीसारखी बसले. त्यातही सूड उगवल्याचा आनंद होताच, तो कशाला लपवू?

सई आली. "आजी, खुर्चीसमोर जायचं नाही ना?"

"नाही. तू आपली तिकडे लांब खेळ."

शहाणी पोर. खुर्चीपासून लांब गेली. जिथे सकाळपासून खुर्ची होती, तिथेच गेली.

पाणी तिच्या गुडघ्याएवढं होतं. पुढच्या पावलाला ती दिसेनाशी झाली.

प्रसाद दूर होता, केतकी किंचाळत धावली. मी ताटावरून उठले आणि नुसती उभी राहिले. अक्का कुठून आली ते मला आजही सांगता यायचं नाही. कासोटा खोचलेला, हातात बांबू. पाण्यात खड्ड्याच्या कडेपाशी नेमकी थांबली, पोटावर आडवी झाली, आणि सईची वेणी धरून तिला वर ओढलं. तिथे एक ओढा समुद्राला मिळतो. तो आतून वाळू कोरतो, आणि रात्रीच्या भरतीत खड्डा जागा बदलतो. बांबूने ती तोच शोधायची. खेकडे नव्हे.

सई खोकली, ओकली, रडली. रडल्यावर सगळ्यांना श्वास आला. मग अक्काने विचारलं, "खुर्ची कोणी हलवली?"

मी म्हणाले, "वाऱ्याने सरकली असेल."

होय, म्हणाले. अक्काने सुरूकडे पाहिलं. खुर्चीवर ताट, ताटावर माझं चष्म्याचं घर.

"वारा चष्मा लावतो काय?"

सई आईच्या कडेवरून हुंदके देत म्हणाली, "मी लांबच गेले होते, आजी. तू सांगितलंस तसं." केतकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोकळी, आधुनिक सासू तिला एकदाची नीट दिसली होती.

निघायच्या दिवशी पहाटे मी खिडकीशी उभी होते. अक्का वाळूत उतरत होती. चार पावलं, की बांबूवर भार टाकून थांबणं. पुन्हा चार पावलं. इतके दिवस मी तिची आठीच बघत होते, गुडघे आज दिसले.

मी चिकपेटेतून स्वतःसाठी घेतलेली, घडीही न मोडलेली साडी बॅगेतून काढली. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून साडी. त्यानंतर पाच वर्षं, अक्का होती तोवर, मी दर डिसेंबरात महिनाभर तिकडे जात असे. ती शेवटपर्यंत माझ्या टाचा तपासायची, आणि आम्ही एकमेकींना शेवटपर्यंत आवडलो नाही. मंडळातल्या बायका विचारत, एवढं भांडण होतं तिथे कशाला जाता? केतकी काही विचारायची नाही, गाडीचं तिकीट तेवढं काढून द्यायची. कारण त्या सकाळी ती माझ्या शेजारीच उभी होती. मी साडी पुढे केली, तेव्हा अक्काने ती हाताच्या पाठीने मागे सारली आणि म्हणाली:

"बेडा. साडी नको मला. गुडघे गेलेत माझे. खुर्ची हलवता येते तुला. आता ठेवायला शीक."