रंग फासलेला निवडुंग

पाहुणे येणार म्हणून शाळेतल्या झाडांचे बुंधे गेरू-चुन्याने रंगवले गेले. त्या भरात, नाशिकचे कित्येक कोरडे उन्हाळे पचवलेल्या आमच्या जुन्या निवडुंगालाही कोणीतरी नखशिखांत तैलरंग फासला. मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, त्याला पाने नसतात, हिरवे खोडच अन्न बनवते. पाणी राखण्यासाठी त्याची रंध्रे दिवसा मिटतात, रात्री हवा घेण्यासाठी उघडतात. ती रंध्रेच तुम्ही बुजवलीत."

"मॅडम, बिनपाण्याचं जगतं ते. रंगानं काय मरतंय?" ते हसत म्हणाले.

विज्ञानाचा पदवीधर माणूस असे बोलतो, याचा संताप अजून शमलेला नाही. काही महिन्यांत निवडुंग पिवळा पडून कोसळला. सरांनी तिथे प्लॅस्टिकची फुलझाडे मांडायला सांगितली. मी सर्वांसमक्ष नकार दिला.