गिट्टीसाहेबांचा लोटा

आमचे गिट्टीसाहेब नवा रस्ता तपासायला निघाले की सायकलरिक्षात बसत आणि मांडीवर काठोकाठ भरलेला पितळी लोटा धरत. पाणी सांडलं की रस्ता नापास. साहेबांची पॅन्ट कोरडी राहावी म्हणून ठेकेदार देव पाण्यात घालून बसायचे. "रस्ता पाहाले डोये नाही, लोटा लागते," असं साहेब म्हणत. ठेकेदारांनी रिक्षावाला फितवलाय, हा संशय मात्र त्यांना शेवटपर्यंत होता.

मी त्यांच्या हाताखाली ओव्हरसियर होतो. सत्तरच्या दशकातलं नागपूर चहूकडे पसरत होतं. आम्ही डांबर टाकून पाठ फिरवावी, की कुणीतरी कुदळ घेऊन हजर. आज नळासाठी, उद्या टेलिफोनसाठी. निवृत्तीआधी एक तरी रस्ता अखंड ठेवायचा, असा साहेबांनी ध्यास घेतला. त्यासाठी निवडला तो स्वतःच्या घरासमोरचा, म्हणजे पहारा फुकटात झाला.

पाण्याची मोठी लाइन रस्त्याच्या पलीकडून जायची. डांबर पडण्याआधी साहेब घरोघर फिरले. नळ घ्यायचा तर आत्ताच घ्या, मग आयुक्त आले तरी खोदू देणार नाही, असं बजावून आले. सगळ्यांनी नळ घेतले. रस्ता झाला. लोट्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. साहेब खुशीत घरी आले, तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं, "अन् आपला नळ?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! साहेब स्वतःचाच नळ विसरले होते.

खोदायची परवानगी त्यांच्याच सहीनं मिळाली असती, पण साहेबांनी स्वतःला नकार दिला. काकू समोरच्या घरून घागरी आणू लागल्या. मी कधी घरी गेलो की मुद्दाम ऐकवत, "या रस्त्याले सवत म्हणू का सासू, समजून नाही राहिलं मले." साहेब मान खाली घालून म्हणायचे, "रिटायर होऊ दे वं. मग पयले आपला नळ."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना साहेब झोपेतच गेले.

तेरवीनंतर काकूंनी मला बोलावलं आणि नळाचं सांगितलं. मी स्वतः उभं राहून रस्ता खोदवला, पाइप टाकून घेतला, वरून डांबर दाबून घेतलं. अंगणात पाणी आलं. काकूंनी त्या पाण्यानं साहेबांचा लोटा भरला, रिक्षा थांबवली आणि नव्या पट्ट्यावरून जाऊन आल्या. उतरल्या तेव्हा लुगडं ओलं होतं.

"सांडलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबायनं पास नसता केला."

मी माणसं परत बोलावली आणि तो पट्टा पुन्हा उखडायला लावला.