गेनूभाऊंनी विचारलंय

ज्या ऑफिसात काम भरपूर असतं तिथं भांडणं साठतात, आणि जिथं वाट बघणं भरपूर असतं तिथं किस्से. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या गिअरच्या कारखान्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे दोनच माणसं, मी आणि सोनईचा मच्छिंद्र. दिवसभर स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत बसणं हा आमचा मुख्य उद्योग!

मच्छिंद्रचं आणखी एका बाजूनं वाट बघणं चालू होतं. संक्रांतीनंतर तो राहुरीला अश्विनीला बघून आला होता. आल्यावर तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्याला, पण गड्याला पत्ता नाही! मध्यस्थ होते आमचे गेटवरचे वॉचमन गेनूभाऊ, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी सांगितलं होतं, "झालंच समजा!" आता श्रावण लागला होता आणि मच्छिंद्र अजून समजतच होता.

* * *

आमच्याकडं इंटरनेट थेट मिळत नाही. मध्ये प्रॉक्सी नावाचं मशीन बसवलंय. बाहेर कुणाशी बोलायचं तर आधी त्याला सांगायचं, मग ते पलीकडं जोडून देतं. गेनूभाऊंना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजे माज्यासारखंच की! भायेरचा आत न्हाई, आतला भायेर न्हाई, मधी मी!"

तेव्हापासून ते त्या मशीनला आपल्या हाताखालचा माणूस मानायला लागले. मागच्या दसऱ्याला पूजेत त्यांनी त्याला झेंडूचा असा जाड हार घातला, की हवा जायची जाळीच बंद. मशीन तापलं, बसलं, अख्ख्या कारखान्याचं इंटरनेट गेलं. साहेब ओरडत आले. गेनूभाऊंनी सलाम ठोकला.

"साहेब, सनासुदीला तरी त्याला राबवू नका!"

* * *

गेनूभाऊंची एक पद्धत आहे. गेटवर कुणी आलं की म्हणायचं, "बसा, इचारून सांगतो." किती वेळ बसायचं, ते सांगायचं नाही.

एकदा ग्रीस विकणारा एक माणूस आला. साहेब सुप्याला गेलेले. तो बसला. दुसऱ्या दिवशी येऊन परत बसला. तिसऱ्या दिवशी गेनूभाऊ जेवायला गेले की कुरिअरवर सह्या तोच करायला लागला! चौथ्या दिवशी साहेबांची गाडी आली. त्यानं पळत जाऊन गेट उघडलं. साहेबांनी काच खाली केली आणि झापलं, "टोपी कुठाय तुमची?"

* * *

आता ट्रकचा किस्सा. आमचा माल पुण्याच्या एका कंपनीला जातो. त्यांच्या पोर्टलवरून पास नंबर आल्याशिवाय ट्रक हलत नाही. ही जोडणी सुरक्षित असते, म्हणजे प्रॉक्सीनं जोडून दिलं की दोन्ही टोकांनी आधी एकमेकांची ओळख पटवायची आणि मगच बोलायचं. प्रोग्रॅम मी लिहिला होता. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर सोडून दे, परत विचार, असं तीनदा. मी निर्धास्त!

त्या दिवशी सकाळी आठपासून चक्र फिरत होतं. ड्रायव्हरनं आधी ट्रक धुतला. मग आंघोळ केली. मग ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पिठलं टाकलं. दुपारी साहेब लालबुंद होऊन गेटवर आले, ड्रायव्हरनं ताटली पुढं केली, साहेबांनी उभ्यानंच खाल्लं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. आणि पास कुठाय?"

घोळ मच्छिंद्रनं शोधला. माझी तीस सेकंदांची मुदत फक्त प्रॉक्सीनं 'हो' म्हणेपर्यंतच मोजली जात होती! पुढं पलीकडचा गप्प बसला तर आमचा प्रोग्रॅम जन्मभर वाट बघणार.

"म्हणजे प्रोग्रॅम मूर्ख आहे?" साहेबांनी विचारलं.

"मूर्ख न्हाई साहेब, भोळा हाय," मच्छिंद्र म्हणाला. "मधल्यानं हो म्हनलं की ह्यो निवांत. पलीकडचं कोन काय बोललं का, बघतच न्हाई."

आणि बोलता बोलता तो खिडकीतून गेटवरच्या गेनूभाऊंकडं बघायला लागला. त्याच्या तोंडाकडं बघून मला फार वाईट वाटलं.

त्यानं ओळख पटवण्यालाही तीस सेकंदांची मुदत घातली. दुसऱ्यांदा विचारल्यावर पास नंबर आला, ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि मोटरसायकलवर थेट राहुरी गाठली!

* * *

पुढचं मच्छिंद्रनंच सांगितलेलं. दारात अश्विनीचे वडील. हा दिसताच म्हणाले, "अहो, आमी पन थांबलोय की! गेनूभाऊ म्हनले, पोराचं मत इचारून सांगतो."

मच्छिंद्र इतका गडबडला, की त्यानं प्रॉक्सी, ट्रक, पिठलं, सगळं सांगून टाकलं. वडिलांना काही कळलं नाही. अश्विनी मात्र चौकटीला टेकून नीट ऐकत होती.

"तीस सेकंदांनी सोडून देता?" तिनं विचारलं.

"सोडत न्हाई. परत इचारतो. तीनदा."

"मग विचारा."

त्यानं विचारलं, "मी पसंत हाय का?" अश्विनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. तीस सेकंद गेले. त्यानं परत विचारलं. पुन्हा तीस. वडील एकदा घड्याळाकडं, एकदा जावयाकडं बघायला लागले, आणि जावई अजून जावई झाला नव्हता! मच्छिंद्रनं तिसऱ्यांदा विचारलं. वीस गेले. पंचवीस गेले.

एकोणतिसाव्या सेकंदाला ती म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. पहिला पेढा गेटवरच दिला. "गेनूभाऊ, जमलं! सुपारी फुटतीय रविवारी!"

गेनूभाऊंनी पेढा तोंडात टाकला, शांतपणे संपवला, बोटं पुसली आणि म्हणाले,

"घाई करू नगा. मी इचारलंय. तिकडून काय आलं, की सांगतो."