उंबऱ्याबाहेरचे धाकटे मामा

रशियाने अफगाणिस्तानात फौज घुसवली त्याचा सगळ्यात जास्त त्रास जगात कुणाला झाला असेल, तर अफगाण लोकांच्या खालोखाल तो मला झाला, आणि त्याला कारण माझे धाकटे मामा. वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझे दोन्ही मामा समोरासमोर राहायचे. दोन दारांच्या मधे चार फुटांचा पॅसेज. तळमजल्यावर मी. थोरले मामा जन्मभर गिरणीत कारकून, लाल बावट्याचे. धाकटे मामा सरकारी कचेरीत नकाशे काढून रिटायर झालेले. ऐंशीच्या संक्रांतीला, हातात तिळगुळाची वडी असताना, थोरले मामा म्हणाले की तिथल्या सरकारने बोलावलं म्हणून रशियन मदतीला गेले. धाकटे मामा म्हणाले, बोलावलेला पाहुणा रणगाडा घेऊन येत नाही. तासाभराने आवाज गच्चीपर्यंत पोचले आणि धाकट्या मामांनी जाहीर केलं, "तुझे रशियन तिथून निघेपर्यंत मी तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही."

"मग बाहेरच म्हातारा हो," थोरले मामा म्हणाले.

आणि हा माणूस खरंच बाहेर म्हातारा होऊ लागला. खाडीकडच्या बाल्कनीत ट्रान्झिस्टर कानाला लावून तो परदेशी बातम्या ऐकायचा. भिंतीवर स्वतः काढलेला हातभर नकाशा. त्यावर रशियन ठाणी दाखवायला मामीच्या लाल टिकल्या लागायच्या, त्यामुळे रशियाने जोर धरला की मामी हिरवी टिकली लावून हळदीकुंकवाला जायची. दारावर मासे घेऊन येणाऱ्या आगरी मावशीलाही त्यांनी एकदा खैबरखिंड समजावून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यो रशिया कुठं हाय मना नाय ठाव. कोलंबी घेताव का नाय तेवरा सांगा."

माझं काम निरोप्याचं. ऑफिसातून थकून यावं तर वरून हाक. "दादाला सांग, अजून एक हेलिकॉप्टर पडलं." मी पॅसेजमध्ये उभी राहून ते सांगायची. खरं तर थोरल्या मामांनी ते आधीच ऐकलेलं असायचं, पण मी बोलेपर्यंत ते वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. मग त्यांचं उत्तर, तेही चार फुटांवर ऐकू गेलेलं, मी परत या दारात पोचवायची. कित्येकदा वाटलं, दोघांना गच्चीवर कोंडून यावं.

गणपतीत तर कहर. घराण्याचा गणपती एकच, तो थोरल्यांकडे. धाकटे मामा पॅसेजमध्ये चपला काढून, झांजा घेऊन उभे राहायचे आणि पूर्ण आरती बाहेरून म्हणायचे. दर्शनाला आलेल्यांना त्यांना वळसा घालून आत जावं लागे. प्रसादाला मात्र हात थेट उंबऱ्याच्या आत. "हात म्हणजे पाऊल नव्हे," हे वर स्पष्टीकरण.

आठव्या वर्षी थोरल्या मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. धाकट्या मामांनी टॅक्सी आणली, खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवताना पुढचे दोन पाय स्वतः धरले. पण भाऊ घरी परतल्यावर पुन्हा पॅसेजमध्येच उभे. तासन् तास दारातून आत बघत राहायचे. मी चिडले. म्हटलं, मामा, आता तरी सोडा हा हट्ट, कसला शब्द धरून बसलात?

"अगं, शब्दाचं सोड," ते हळूच म्हणाले. "मी असाच आत गेलो तर त्याला वाटेल, आपण आता जाणार."

 पुढे जवळजवळ वर्षभर मीसुद्धा त्या परक्या फौजेच्या परतीची वाट बघत बसले.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी टीव्हीवर शेवटचे रणगाडे पूल ओलांडून परत जाताना दाखवले. धाकट्या मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पॅसेज ओलांडला आणि उजवं पाऊल आत टाकलं. मी मागोमाग धावले. नऊ वर्षं साठवलेलं 'मी म्हणालो होतो ना' आता त्या आजारी माणसावर कोसळणार, ही मला भीती.

मामा पलंगावर बसले. भावाचा लुळा हात त्यांनी मांडीवर घेतला.

"दादा, गेले रे ते. काम झालं म्हणून गेले. हरले नाहीत."

थोरल्या मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूहळू मान हलवली. नाही.

"अरे, हरले नाहीत म्हणतो ना मी." मामांचा आवाज चढला. पुन्हा तीच मान. मामांनी फौज परत नेण्याचा करार सांगितला, कारणं दिली, थोरल्यांच्याच जुन्या वाक्यांनी थोरल्यांची बाजू लढवली. मला रडू येत होतं आणि हसूही. थोरल्या मामांनी तिसऱ्यांदा मान हलवली. त्यांच्या तोंडाची चांगली असलेली बाजू हसत होती.

मामांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"बरं बाबा," ते म्हणाले, "तू म्हणतोस तर हरले."